तांबड्याचा नवस

माझी थोरली बहीण, माझी आक्का, आयुष्यात एकदाच कुणाचं तरी वाईट मागायला देवीपुढं बसली, आणि तेसुद्धा एका घोड्याचं. घोडा अमेरिकेतला. आक्का वडगाव रासाईची. दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण आक्काचा एकुलता एक मुलगा त्या घोड्याचा खरारा आणि मालिश करायला तिकडं नोकरीला होता, आणि घोडा जिंकायच्या वाटेवर असेपर्यंत त्याला रजा मिळणार नव्हती. गोष्ट एवढीच. बाकीचा गोंधळ गावानं घातला आणि त्यात दुभाषी म्हणून मीही होते.

मी दौंडला राहते. पोरांना इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली. निवृत्त झाले तरी नातेवाइकांच्या लेखी माझी शाळा अजून भरलेलीच आहे. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, बँकेचा मेसेज खरा की खोटा, ट्रॅक्टरच्या पुस्तकातलं चित्र सरळ कुठल्या बाजूनं, सगळं मला विचारतात. म्हणून मागच्या हिवाळ्यात दाजींचा, म्हणजे आक्काच्या मालकांचा फोन आला तेव्हा मी चष्मा शोधायलाच लागले.

"बाई, पोरानं कायतरी पाठवलंय. समदं इंग्रजीत हाय. आपला घोडा कुठल्यातरी यादीत आलाय म्हणतोय. यादीत आलाय म्हंजी चांगलं का वाईट?"

दाजींचा प्रश्न रास्त होता. आमच्याकडं यादीत नाव आलं की माणूस आधी घाबरतो.

भाच्यानं पाठवलेलं मी वाचलं. केंटकी नावाच्या राज्यात मे महिन्यात घोड्यांची एक फार मोठी शर्यत होते. त्या डर्बीत फक्त तीन वर्षांचे घोडे पळतात. घोड्याला जन्मात एकदाच संधी, ती गेली की गेली. शर्यत मेमध्ये, पण तिकडच्या जाणकारांना दम कुठला. ज्यांचे दुधाचे दात अजून पुरते पडलेले नाहीत अशा घोड्यांच्या याद्या ते डिसेंबरातच छापतात: हा पहिला, हा दुसरा, याच्याकडं लक्ष ठेवा, त्याची आशा सोडा. भाच्याच्या तबेल्यातला एक घोडा दोन शर्यती जिंकून या यादीत चौथा आला होता. त्याचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं, ते उच्चारता उच्चारता आमच्याकडं गावजेवण उरकेल. दाजींनी फोटो पाहून त्याचं नाव तांबडा ठेवलं आणि ते नाव शेवटपर्यंत टिकलं.

तिकडच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एक जानेवारीला धरतात, फेब्रुवारीत जन्मलेला असो नाहीतर एप्रिलात, असंही त्यात होतं. हे ऐकून दाजींना अमेरिकेबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. त्यांचा, आक्काचा आणि आमच्या पिढीतल्या निम्म्या तालुक्याचा वाढदिवस शाळेच्या गुरुजींनी एक जून लावून दिलेला आहे.

"म्हंजी तिकडं बी गुरुजीच हायेत म्हणायचं," दाजी म्हणाले.

दाजींना घोड्यातलं कळत नाही असं म्हणायची छाती मला नाही. तरुणपणी ते यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत घोडी पळवायचे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढत्या धावपट्टीवर, गाडा सुटला की बैलांच्या पुढं एक स्वार घोडीवर बसून सुसाट निघतो, बैल त्या घोडीमागं जीव तोडून धावतात. घोडी सगळ्यांत पुढं असते, पण तिचा नंबर कुणी मोजत नाही. सेकंद बैलांचे लागतात, गुलाल मालकाच्या डोक्यावर पडतो, आणि घोडीला घाटाच्या वरच्या टोकाला जाऊन आपापलं थांबावं लागतं. भाचाही मिसरूड फुटायच्या आधीपासून घोडीवर. तिथून तो पुण्याच्या रेसकोर्सवर तबेल्यात लागला, तिथून आखातात, आणि आखातातल्या एका मालकानं घोड्यांवरचा त्याचा हात पाहून त्याला अमेरिकेला पाठवला. जुन्या भाषेत याला मोतद्दार म्हणतात. पण दाजी गावात ‘पोरगं ट्रेनर हाय’ असं सांगत, आणि आक्का ‘पोरगं लांब हाय’ असं सांगे.

मी दाजींना डर्बी समजावून सांगितली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मागं बैल किती?"

"बैल नसतात दाजी. नुसते घोडे."

"बैल न्हाईत?" "मग घोडं पळतंय कशाला?"



त्यानंतर दर आठवड्याला नवी यादी यायला लागली आणि स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर तिचं वाचन व्हायला लागलं. मी दौंडहून फोनवर वाचायची, दाजी स्पीकर लावायचे. गेल्या आठवड्यातला पहिला घोडा या आठवड्यात सातवा व्हायचा, आणि लिहिणारा आपण काय लिहिलं होतं ते साफ विसरून तितक्याच ठामपणे नवं लिहायचा. भाषा तर अशी की मी वाचताना दोनदा थांबले. ‘याच्यात गुणवत्ता आहे, पण लांब पल्ल्यावर टिकेल का ते पाहावं लागेल.’ ‘घराणं मोठं, कर्तृत्व अजून दिसायचंय.’ ‘सध्या शांत आहे, पण ऐनवेळी मुसंडी मारू शकतो.’

"हे तर बाई माझ्याबद्दल बी म्हणत्यात," टपरीवरून एक आवाज आला.

आवाज दाजींच्या चुलतभावाचा. यांना गावात चेअरमन म्हणतात. चेअरमन ते आजवर कशाचेच झालेले नाहीत. पण सोसायटी, दूधसंघ, पंचायत, कारखाना, जिथं खुर्ची आहे तिथं ते बरीच वर्षं ‘भावी’ आहेत, आणि त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तसं लिहिलेलंही असतं. म्हणून मनातल्या मनात मी त्यांना भावी म्हणते. तांबड्याचं प्रकरण हाती लागल्यावर भावींच्या अंगात वारं शिरलं. आयुष्यभर आपण ज्या पदावर आहोत त्याच पदावरचा घोडा त्यांना सापडला होता.

आता टपरीवरच्या लोकांनी घोडा कसा पारखला ते सांगायलाच हवं. तिकडचे जाणकार बापाचं घराणं बघतात, वेळ बघतात, घोडा सरावात कसा पळाला ते बघतात. आमच्या लोकांनी भोवरे बघितले. अंगावरच्या केसांचा भोवरा कुठं आहे यावर आमच्याकडं बैल आणि घोडा ठरतो. गळ्याखाली देवमण असलं तर घरात लक्ष्मी, दुसरीकडं कुठं वाईट भोवरा असला तर घरधन्याचं काही खरं नाही. दाजी मोबाइलवर फोटो दोन बोटांनी ताणून ताणून मोठा करत. एकदा तर इतका मोठा केला की नुसता तांबडा रंग उरला, आणि त्या रंगात त्यांना देवमण सापडलं.

"देवमण हाय! बाई, लिवून घ्या, ह्योच येणार."

कपाळावर पांढरा टिळा होता. पाय चार, त्यातले तीन खाली पांढरे. चौथाही पांढरा निघाला तर घोडा पंचकल्याणी, मग विचारायलाच नको. पण फोटोत चौथा पाय गवतात बुडालेला. तो पाय पांढरा की तांबडा यावर टपरीवर दोन गट पडले आणि त्यांची आपसात बोलाचाली बंद झाली. शेवटी भाच्याकडून खास त्या पायाचा फोटो मागवला. पाय तांबडाच निघाला. दाजींनी लगेच सांगितलं की तीन पांढरे आणि एक तांबडा हे तर त्याहून शुभ, घोडा दृष्ट काढूनच जन्माला आलाय.

यादीत तांबडा चौथ्यावरून दुसऱ्यावर आला त्या आठवड्यात भावींनी फ्लेक्स लावला.

मी पाटसमार्गे वडगावला निघाले होते. कारखान्याचा हंगाम जोरात, उसाच्या ट्रॅक्टरांमागं एसटी मुंगीच्या पावलानं सरकत होती. चौफुल्यापर्यंत मी वैतागून गेले होते. पण नदीचा पूल ओलांडून गावात शिरले आणि स्टँडवरचा फ्लेक्स पाहून वैताग विसरले. वर मोठ्या अक्षरांत ‘भावी डर्बी विजेता’. खाली ‘वडगावचा ढाण्या वाघ’. वाघाच्या जागी घोडा. शिरूरच्या फ्लेक्सवाल्यानं सवयीनं त्याच्या डोक्यावर फेटा आणि डोळ्यांना काळा गॉगल चढवला होता. घोड्याशेजारी हात जोडून भावी उभे, घोड्यापेक्षा थोडे उंच. खाली शुभेच्छुक म्हणून गावातली सगळी तरुण मंडळी ओळीनं. आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, टाचणीच्या डोक्याएवढा, माझा भाचा. त्याच्याखाली लिहिलं होतं ‘आंतरराष्ट्रीय अश्वतज्ज्ञ’.

आक्का मला घ्यायला स्टँडवर आली होती. आमची माणसं मळ्यात वस्तीवर राहतात, तिथून गाव लांब पडतं. काठी टेकत टेकत ती फ्लेक्सपुढं थांबली. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरनं ऑपरेशन सांगून ठेवलं होतं आणि आक्कानं डॉक्टरला सांगून ठेवलं होतं की पोरगं आल्याशिवाय नाही. पोरगं तीन वर्षं आलं नव्हतं. मान वाकडी करून ती त्या कोपऱ्याकडं बघत राहिली.

"पोराचा तेवढा मोठा लावायचा हुता," ती म्हणाली. "दिसंना झालाय."

मला त्या क्षणी भावींचा फोटो फाडावासा वाटला. फाडला नाही, कारण फ्लेक्स फार उंच होता.

घरी आल्यावर तिनं भाकरी थापता थापता मला सगळं सांगितलं. पोराला तिनं फोनवर सरळ विचारलं होतं, कवा येतोस. तो म्हणाला होता, आये, तांबडा जर शर्यतीत गेला तर मे होईपर्यंत मालक सोडणार न्हाई, आन् जिंकला तर मग पुढल्या शर्यती, पार दिवाळी. न्हाई गेला तर मार्चातच रजा, चैताच्या यात्रेला मी घरी.

"समदं गाव त्या घोड्याच्या मागं लागलंय," आक्का म्हणाली. "तालमीतल्या पोरांनी देवीला नारळ बोललाय त्यो जिंकावा म्हणून. आन् माझं काय? माझं कुणी बोललं का?"

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. ती मला घेऊन देवळात गेली. गाभाऱ्यापुढं पाय लांब करून बसली, कारण मांडी घालता येत नव्हती, आणि हात जोडून मला ऐकू येईल असं म्हणाली, "आई, त्यो तांबडा घोडा त्या शर्यतीत नसू दे. खणानारळानं तुझी ओटी भरीन, पुरणाचा निवद दावीन."

बाहेर आल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "आक्का, पोरगं घरी येऊ दे, असं का नाही म्हणालीस?"

"घोडं न्हाई म्हणल्यावर पोरगं येतंयच की."

"पण ते मागायचं तरी."

"दोन दोन गोष्टी मागितल्या की देव नीट ध्यान देत न्हाई. आन् तिला एवढं बी कळत न्हाई का? ती बी आईच हाय."

एकाच देवीपुढं, एकाच घोड्यासाठी, एकाच गावातून दोन उलटे अर्ज गेले होते. तालमीच्या अर्जामागं सगळं गाव होतं. आक्काच्या अर्जामागं मी, आणि मी तर देवधर्म फारसा न मानणारी.

तरीही आक्काचाच अर्ज मंजूर झाला.

मार्चात मी पुन्हा वडगावला होते. सकाळची वेळ, दाजी मळ्यात, आक्का चुलीपुढं. फोन वाजला आणि आक्कानं पिठाचा हात पदराला पुसून तो स्पीकरवर लावला. मग भाच्याचा आवाज आला, आणि मला कळायला वेळ लागला की तो रडतोय. चाळिशीकडं झुकलेला बाप्या, हुंदके देत होता.

"आये, तांबड्याच्या पायाला चीर गेली. पुढल्या डाव्या. सरावात. नुसता पळत हुता गं, काय बी केलं न्हवतं त्यानं."

"मग आता?"

"शर्यत संपली त्याची. पण ते न्हाई गं. डॉक्टर आलेत. हाड सांधतंय का बघत्यात. न्हाई सांधलं तर सुई देत्यात. आजच ठरणार हाय."

"सुई म्हंजी? औषधाची?"

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. घोड्याचा पाय मोडला तर काय करतात ते आमच्या बैलगाड्याच्या मुलखात बाईमाणसालाही ठाऊक असतं. सुईचा अर्थ कळायला तिला माझ्या इंग्रजीची गरज नव्हती.

तिनं फोन ठेवला, तवा उतरवला, आणि म्हणाली, "चल."

"कुठं?"

"माझ्या तोंडानं झालंय. चल."

वाटेत मी तिला समजावत होते की असं काही नसतं, हाडं देवीच्या सांगण्यावरून मोडत नाहीत, हे घोडे कोवळ्या वयात फार पळवतात म्हणून मोडतात. ती ऐकत नव्हती. देवळात पोचल्यावर या वेळी ती बसलीसुद्धा नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "आई, मी नसू दे म्हणलं हुतं, मरू दे न्हाई म्हणलं. त्याला जगू दे. जगला तर वस्तीपासनं तुझ्यापातुर काठी न धरता चालत येईन." आणि मग देवीवरच चिडून, "त्याला बी आई असंल की!"

मला तिचा राग आला, भाच्याचा आला, आणि त्या यादी छापणाऱ्यांचा सगळ्यांत जास्त आला. डिसेंबरात त्यांनी त्या पोरसवद्या घोड्याच्या नावावर किती कागद काळे केले होते. तांबडा बाद झाल्याची बातमी मी त्यांच्याकडं शोधली, तर दीड ओळ. त्याखाली नवी यादी.

टपरीवरही दुःख फार टिकलं नाही. "मी आधीच म्हणलं हुतं," दाजींनी जाहीर केलं, "चौथा पाय तांबडा हाय म्हणून." जे दोन गट बोलत नव्हते ते पुन्हा बोलायला लागले, एवढं एक चांगलं झालं. भावींनी फ्लेक्स उतरवला नाही. भाडं भरलेलं होतं. त्यांनी तांबड्याच्या फोटोवर यादीतल्या नव्या पहिल्या घोड्याचा फोटो चिकटवून घेतला. तो काळा होता. आमच्या गावाचा त्याच्याशी संबंध म्हणजे भावींना तो आवडला होता, इतकाच. ‘वडगावचा ढाण्या वाघ’ तसंच राहिलं. फेटा तसाच राहिला. नवा कागद जरा मोठा कापला गेला आणि त्याखाली कोपऱ्यातला भाचा झाकला गेला.

"बाई, या काळ्याचं काय लिवलंय वाचा की," भावींनी फोन केला.

"माझा चष्मा फुटलाय," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

तांबडा जगला. पायात खिळे घातले, हाड सांधेल म्हणाले. शर्यतीत तो आता कधीच पळणार नव्हता, पण मालकाला तो पुढं पैदाशीसाठी मोलाचा होता, म्हणून सहा महिने त्याला एका खोलीत जपून ठेवायचं ठरलं. आक्का फोनवर हसली, कित्येक दिवसांनी. मग तिनं विचारलं, "मग तू कवा येतोस? यात्रा तोंडावर आली."

"आये, आता कसा येऊ?" भाचा म्हणाला. "त्यो दुसऱ्या कुणाच्या हातचं खाईना. पाय टेकवायला बी भितोय. मी जवळ असलो की उभा ऱ्हातो. मालक म्हणला जा, मीच म्हणलं न्हाई जात."

आक्का म्हणाली, "बरं."

तेवढंच. रागावली नाही, रडली नाही. मला वाटलं होतं, आता तरी म्हणेल की आईपेक्षा घोडा मोठा झाला का रं. तिनं विचारलं, त्याला गूळ चालतो का.

आमच्याकडं बोललेला नवस बुडवत नाहीत. मनासारखं झालं नाही म्हणून सवलत नाही. देवीनं शब्दाला शब्द जुळवून दिलं होतं: घोडा शर्यतीत नव्हता, घोडा जिवंत होता. पोराचं कुणी मागितलंच नव्हतं. तेव्हा आक्कानं दोन्ही नवस एकाच दिवशी फेडायचे ठरवले.

त्या सकाळी पुरण शिजवलं, खण-नारळ पिशवीत घेतले, आणि ती वस्तीवरून निघाली. काठी माझ्या हातात. मी चार वेळा पुढं केली, तिनं चारही वेळा हात झटकला. दोन्ही बाजूला ऊस, वाटेत पाण्याच्या पाटानं झालेला चिखल. ती थांबायची, दात आवळायची, पुढचं पाऊल टाकायची. देवळाच्या दारात भावी भेटले. पांढरेशुभ्र कपडे, यात्रा कमिटीची बैठक होती, त्या कमिटीचेही ते भावी अध्यक्ष.

"वहिनी, कशाचा नवस फेडताय?"

"घोड्याचा," आक्का म्हणाली.

"पण आपलं घोडं तर पडलं की!"

"म्हणून तर फेडतीया."

भावी माझ्याकडं बघायला लागले. जन्मात एकदा त्यांना बोलायला काही सुचलं नाही. त्याबद्दल मी देवीला स्वतःहून एक नारळ फोडला.

मे महिन्यात डर्बी झाली. जिंकला तो घोडा हिवाळ्यात मी वाचलेल्या एकाही यादीत नव्हता. जाणकारांनी दुसऱ्याच दिवशी लिहिलं की याची लक्षणं सुरुवातीपासून दिसत होती. आणि त्याच आठवड्यात पुढच्या वर्षीच्या घोड्यांबद्दल लिहायला घेतलं. दाजींनी विजेत्याचा फोटो दोन बोटांनी ताणला आणि त्यांना त्याच्या गळ्याखाली देवमण सापडलं.

आक्काच्या गुडघ्यांचे मात्र त्या चालण्यानं पुरते बारा वाजले. रात्रंदिवस कळा. शेवटी पोराची वाट न बघता जूनमध्ये दौंडला तिचं ऑपरेशन करून घेतलं आणि तिला माझ्याच घरी आणलं. दोन्ही गुडघे नवे बसले, पण ती पाऊल टाकेना. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, गोड बोलून दमायची. वॉकर पुढं धरून आक्का नुसती उभी राहायची आणि परत बसायची. "पडले म्हंजी?" एवढंच म्हणायची.

एका सकाळी ती अशीच उभी असताना भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन स्टुलावर टेकवून तिच्यासमोर ठेवला. तिचा चष्मा आत राहिलेला, तिला पडद्यावर नुसता उजेड दिसत असावा. मला नीट दिसत होतं. तिकडं संध्याकाळ होती. भाच्यानंही फोन कुठंतरी टेकवून ठेवला होता, आणि तो आमच्याकडं पाठ करून तांबड्याच्या पट्टी बांधलेल्या पायापाशी वाकला होता. घोडा एक खूर अधांतरी धरून उभा होता. आम्हाला दाखवायला म्हणूनच त्यानं कॉल केला असणार, पण त्या क्षणी तो आम्हाला विसरला होता.

"टाक," तो म्हणत होता, हळू, अगदी लाडात. "टाक पाऊल. भिऊ नगंस. काय बी व्हत न्हाई. मी हाय न्हवं हितं?"

आक्कानं मान वर केली. दोन्ही हातांनी वॉकर घट्ट धरला.

"व्हय रं बाळा," ती म्हणाली, आणि तिनं पाऊल टाकलं.

मग दुसरं टाकलं. व्यायामाची मुलगी टाळ्या वाजवायला लागली. आक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. पडद्यावर तांबड्यानं खूर खाली टेकवला आणि माझा भाचा त्याच्या मानेला मिठी मारून उभा राहिला.

"बघितलं का गं?" आक्का मला म्हणाली. "त्याच्यावाचून जमलं न्हाई."

मी हो म्हणाले. तिचा चष्मा आणायला मात्र मी आत गेले नाही.